पांडा पाहणं आणि वाघ दिसणं

निवृत्तीनंतर आम्हाला एक नवा नाद लागलाय. सकाळी चहाबरोबर आम्ही इथे कोरपन्यात बसून चीनच्या सिचुआन प्रांतातला पांडा पाहतो. तिथल्या संवर्धन केंद्रातले कॅमेरे थेट चित्र दाखवतात. आता पाहायचं काय? तर पांडा बांबू खातो. तासाभराने पाहावं, तरी खातोच आहे. त्याचं आतडं मांसाहारी प्राण्याचं आणि आहार बांबूचा. खाल्लेलं फारसं पचतच नाही. म्हणून दिवसातले दहा-बारा तास खाण्यातच जातात.

हे पाहताना मन शांत होतं. का होतं, हा आजचा आपला प्रश्न. सांख्य दर्शनात पुरुषाला द्रष्टा म्हटलं आहे. तो पाहतो, करत काही नाही, त्याला काही चिकटत नाही. कॅमेरा आपल्याला असं द्रष्टेपण फुकटात देतो. पांडा आपल्याला पाहत नाही, त्याच्यापासून आपल्याला धोकाही नाही.

आता आपल्या जिल्ह्यात या. ताडोब्यातही कॅमेरे आहेत. ते वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. पट्ट्यांवरून ओळख पटते, मोजदाद होते. पण वाघ काही फोटोत राहत नाही. मोहफुलं वेचायला बाई पहाटे रानात जाते, तेव्हा बहुतेक वेळा आधी वाघच तिला पाहतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यांना नुसतं द्रष्टा होऊन राहण्याची सोय नव्हती.

पांडा तरी नुसत्या पाहण्याने सावरला का? नाही. १९९८ नंतर चीनने तिथली जंगलतोड थांबवली, राखीव क्षेत्रं वाढवली. २०१६ मध्ये जागतिक यादीत त्याच्यावरचा धोका एक पायरी कमी झाला. ज्यांचं पोट त्या जंगलावर होतं, त्यांनी त्याची किंमत मोजली. ती माणसं कॅमेऱ्यात दिसत नाहीत.

तेव्हा पाहण्यात काही गैर नाही; आम्ही उद्याही पाहू. पण ‘वाघ वाचला पाहिजे’ असं म्हणताना आपण कुठे बसून म्हणतो, हे स्वतःला विचारावं. आणि रानात जाणाऱ्या बाईची मजुरी, तिचं सरपण, तिच्या घरच्यांना वेळेवर मिळणारी भरपाई, हा प्रश्न वाघाच्या प्रश्नातलाच धरावा. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.