सरासरी गुण आणि मोठं विद्यापीठ

या व्याख्यानमालेत आपण आतापर्यंत ज्ञान म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय अशा विषयांवर बोलत आलो. आजचा विषय वरवर पाहता वेगळा वाटेल, पण तो त्याच वाटेवरचा आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी पदवी घेणारी मुलं-मुली आम्हा शिक्षक मंडळींना एक प्रश्न नेहमी विचारतात. "सर, आम्हाला पन्नास-बावन्न टक्के आहेत. पुण्या-मुंबईला, हैदराबादला, दिल्लीला मोठ्या विद्यापीठात जाता येईल का? आणि गेलो तर टिकू का?"

बघा, यात प्रश्न दोन आहेत. जाता येईल का, हा एक. टिकू का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर नियमांत सापडतं, दुसऱ्याचं सापडत नाही. आणि दोन्हींच्या मागे तिसरा, न विचारलेला प्रश्न उभा असतो: हे बावन्न टक्के आमच्याबद्दल नेमकं काय सांगतात? तिथूनच सुरुवात करू या.

गुण म्हणजे धूर

आपल्या न्यायशास्त्रातलं अनुमानाचं घासून घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. 'जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी' या नियत संबंधाला व्याप्ती म्हणतात. पण नैयायिक लगेच बजावतात की हे उलटं चालत नाही. 'जिथे अग्नी तिथे धूर' असं म्हणता येत नाही. का? कारण भट्टीत तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. त्यात अग्नी आहे, हात लावाल तर भाजेल, पण धुराची रेघही नाही. धूर निघायला नुसता अग्नी पुरत नाही, ओलं सरपण लागतं. या जादा अटीला शास्त्रात उपाधी म्हणतात.

आता गुण म्हणजे धूर समजा आणि विषयाची समज म्हणजे अग्नी. गुण दिसले की समज असावी, असं अनुमान आपण करतो, आणि ते बऱ्याचदा बरोबर निघतं. पण गुण कमी आहेत म्हणून समज नाही, हे अनुमान टिकत नाही. कारण मधे उपाधी आहे. कॉलेजात त्या विषयाचा शिक्षक नेमलेला होता का, की पद वर्षभर रिकामंच होतं? पेपर कोणत्या भाषेत लिहिला? परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अभ्यास केला की कांदा काढला? उत्तरपत्रिकेवर यातलं काहीच दिसत नाही. दिसतो तो फक्त आकडा.

मात्र याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. धूर नाही यावरून अग्नी नाही असं ठरत नाही, तसं अग्नी आहे असंही ठरत नाही. 'माझे गुण कमी आहेत, म्हणजे मी लपलेला हिरा आहे' असं म्हणणाऱ्याने आरशात बघून स्वतःला एकदा विचारावं. गोळ्यात अग्नी आहे की नाही हे कळायला एकच उपाय: जवळ जाऊन बघणं. म्हणजे नवा पुरावा.

आजच्या व्याख्यानाचं सार एका वाक्यात सांगायचं तर ते हेच. सरासरी गुण असलेल्या विद्यार्थ्याने असं दार शोधावं जिथे नवा पुरावा मागतात. जिथे फक्त जुनाच आकडा वाचतात, त्या दारावर डोकं आपटू नये.

एक उदाहरण, आणि त्याचा गैरवापर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले. चरित्रकारांनी नोंदवलेले त्यांचे गुण ७५० पैकी २८२ आहेत. म्हणजे अडतीस टक्क्यांच्या आत. सहा वर्षांनी, १९१३ मध्ये, ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९१५ मध्ये तिथली एम.ए. पदवी मिळाली. तिथे अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान असे कितीतरी अभ्यासक्रम त्यांनी घेतले. जॉन ड्यूई यांच्या वर्गातही ते बसले.

हे उदाहरण देऊन काही जण म्हणतात, 'बघा, गुणांचं काही नसतं.' तर्काच्या दृष्टीने हे चूक आहे. कमी गुण असलेला एक माणूस थोर झाला, यावरून कमी गुण असलेले सगळे थोर होतात असं निघत नाही. त्यातून घ्यायचं ते निराळं आहे. १९०७ आणि १९१३ यांच्या मधे काय घडलं? एल्फिन्स्टन कॉलेजातली बी.ए.ची पदवी घडली. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्यासारखा, गुणपत्रिकेपलीकडचं वाचन पाहिलेला शिक्षक पाठीशी उभा राहिला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली. म्हणजे त्या २८२ वर नवा पुरावा चढत गेला, तो ओळखणारी माणसं भेटली, आणि मोठ्या विद्यापीठात पोचल्यावर तिथल्या मोकळिकीचा पुरेपूर उपयोग झाला. जातीमुळे वर्गातही वेगळं बसावं लागलेल्या मुलाच्या मॅट्रिकच्या गुणांत किती ओलं सरपण होतं, ते वेगळं सांगायला नको.

दारं तीन असतात

आता नियमांकडे वळू. मोठ्या विद्यापीठाला एकच दार असतं असं विद्यार्थ्यांना वाटतं. दारं तीन असतात, आणि प्रत्येक दारावर वेगळं काही विचारतात.

पहिलं दार पात्रतेचं. कुठे नुसतं 'पदवीधर', कुठे ४५, कुठे ५०, कुठे ५५ टक्के. राखीव प्रवर्गांना बहुतेक ठिकाणी सवलत असते. इथे उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' असतं. अट ५० टक्क्यांची असेल तर या दारापुरते ५१ आणि ९१ सारखेच. हे नीट लक्षात घ्या, कारण पुष्कळ मुलं इथूनच परत फिरतात. दार उघडं असतं, पण लाजेने कोणी आत पाऊल टाकत नाही.

दुसरं दार निवडीचं. काही ठिकाणी जुन्या गुणांवर यादी लागते. तिथे सरासरीवाल्याचं नाव खाली जाणार, त्याला इलाज नाही. पण जिथे प्रवेशपरीक्षा असते तिथे यादी तुमच्या नव्या कामगिरीवर लागते. दिल्लीचं जेएनयू, हैदराबाद विद्यापीठ अशा केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशांसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक परीक्षा आहे. राज्यातल्या विद्यापीठांचे काही विभाग स्वतःची परीक्षा घेतात. यूजीसीच्या २०२४ च्या पदव्युत्तर चौकटीत तर पदवीला विषय कोणताही असो, त्या विषयाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्यास दुसऱ्या विषयात जाण्याची मुभा ठेवली आहे. ती प्रत्येक विद्यापीठात कशी लागू आहे ते त्या त्या माहितीपत्रकात बघावं.

तिसरं दार टिकण्याचं. त्याबद्दल पुढे बोलू.

मग पदवीच्या मधेच, म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला विद्यापीठ बदलता येतं का? नव्या शैक्षणिक धोरणानंतर याची चर्चा फार होते. २०२१ च्या नियमांनी 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू झाली. तुम्ही मिळवलेली क्रेडिट्स तिथे जमा होतात, जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात आणि दुसऱ्या संस्थेत नेता येतात. जी संस्था पदवी देणार तिथे किमान निम्मी क्रेडिट्स मिळवावी लागतात. कागदावर ही सोय चांगली आहे. पण क्रेडिट्स नेता येतात म्हणजे प्रवेश मिळतो असं नव्हे. तिकडे जागा रिकामी हवी, दोन्हीकडचा अभ्यासक्रम जुळायला हवा, आणि मुख्य म्हणजे या टप्प्यावर तुमच्याकडे दाखवायला गुणपत्रिकेशिवाय काही नसतं. त्यात एटीकेटी असेल तर बोलायलाच नको. म्हणून आमचा सल्ला असा की सरासरी गुण असतील तर मधेच धडपडण्यापेक्षा पदवी पूर्ण करावी आणि प्रवेशपरीक्षेच्या दाराने जावं.

तुमच्यापैकी काहींची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत, म्हणून एक तुलना. कॅलिफोर्निया राज्याने १९६० च्या उच्च शिक्षण आराखड्यातच अशी बदली गृहीत धरली. दोन वर्षं सामुदायिक महाविद्यालयात काढायची आणि मग विद्यापीठात जायचं. कॅलिफोर्निया विद्यापीठात असं येणाऱ्या राज्यातल्या विद्यार्थ्याची किमान अट चारपैकी २.४ सरासरीची आहे. नामांकित शाखांना प्रत्यक्षात याहून बरंच जास्त लागतं, हे खरं. पण मुद्दा असा की मधल्या बदलीची वाट तिथे धोरण म्हणून आखलेली आहे. आपल्याकडे ती आत्ता कुठे आखली जात आहे. तोवर आपल्या मुलांनी तिच्या भरवशावर वर्ष घालवू नये.

आणि काही दारं खरंच बंद असतात, तेही सांगायला हवं. चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. बावन्न टक्केवाल्याला ते दार नाही. त्याने त्याचं दुःख करत बसू नये. तीन वर्षांनंतरचं दोन वर्षांचं एम.ए., एम.एस्सी. आहेच.

आत गेल्यावर

आता तिसरं दार. मोठं विद्यापीठ जागा देतं, लक्ष देत नाही. लहान कॉलेजात तुम्ही चार दिवस दिसला नाहीत तर शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे विचारतात. मोठ्या विभागात महिनाभर गेला नाहीत तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. उलट तिथे मिळतं ते असं: दिवसभर बसता येईल असं ग्रंथालय, वर्गात उलट प्रश्न विचारण्याची मुभा, आणि तुमच्याहून पुढे असलेले सोबती. ज्याला स्वतः उठून मागता येतं त्याला हे सोनं आहे. ज्याला कोणीतरी ढकलावं लागतं तो तिथे हरवतो. आम्ही वर्षानुवर्षं दोन्ही पाहिलं आहे. आणि यात जुन्या टक्क्यांवरून काही सांगता येत नाही.

पण एक आकडा मात्र डोक्यात पक्का ठेवा: ५५. पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गात किमान ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गांत ५० टक्के नसतील, तर नेट परीक्षेचा आणि प्राध्यापकीचा रस्ता बंद होतो. पीएच.डी. प्रवेशालाही साधारण हीच अट आहे. नेटसाठी पूर्णांकात बदलून चालत नाही, ५४.९ म्हणजे ५५ नव्हे. पदवीची सरासरी व्यवस्था बरीचशी माफ करते, पदव्युत्तरची करत नाही. नव्या ठिकाणी पहिलं सत्र भाषेत, खोली शोधण्यात आणि मेसच्या जेवणाशी जुळवून घेण्यात जातं, आणि गुण तिथेच घसरतात. म्हणून पहिल्या सत्राची तयारी गावात असतानाच करा. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो. त्यातलं एक मूळ पुस्तक सुट्टीत पूर्ण वाचा, नोट्स नव्हे. इंग्रजीतून रोज एक परिच्छेद लिहा, चुकला तरी.

बाकी कामं भराभर सांगतो. मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा. तुम्हाला ओळखणाऱ्या एका शिक्षकाला तुमचं लिहिलेलं दाखवा. 'हुशार विद्यार्थी आहे' या छापील वाक्यापेक्षा 'याने अमुक विषयावर असं लिहिलं' हे शिफारशीत वजनदार असतं. स्थलांतर प्रमाणपत्र, कॉलेज सोडल्याचा दाखला, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि जातीचा दाखला किंवा नॉन-क्रीमीलेअर लागत असेल तर तो, हे वेळेत काढा. यादीत नाव लागूनही कागदासाठी जागा गेलेली मुलं दरवर्षी दिसतात. पैशाचा हिशेब आधी मांडा. वसतिगृह, शिष्यवृत्ती, निर्वाहभत्ता यांनाही गुणांच्या अटी असतात, त्या वाचा. 'कमवा आणि शिका'सारखी योजना तिथे आहे का, ते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

एक प्रश्न

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे. एक विद्यार्थिनी लिहिते, "घरचे म्हणतात, त्रेपन्न टक्केवालीला तिकडे कोण विचारणार? आणि एकटी कशी राहणार? त्यांना काय सांगू?"

बाळ, घरच्यांशी वाद घालू नकोस, त्यांना पुरावा दे. एका कागदावर तीन गोष्टी लिही: मी कुठे पात्र आहे, मुलींच्या वसतिगृहाचा खर्च किती, आणि परीक्षा कधी. नुसती परीक्षा देण्याची परवानगी माग. अर्जाच्या फीपलीकडे त्यात काही जात नाही. निकाल चांगला लागला तर 'कोण विचारणार' याचं उत्तर तुझ्या हातात असेल. आणि नाहीच लागला, तर तुलाही खरं काय ते कळेल.

शिवाय मोठं विद्यापीठ म्हणजे फक्त पुणे-मुंबई किंवा दिल्ली नव्हे. तालुक्याच्या कॉलेजातून कोल्हापूर, नांदेड, जळगाव, गडचिरोली इथल्या विद्यापीठाच्या विभागात जाणं हीसुद्धा मोठी उडी आहे. आठवड्याला घरी येता येईल अशा अंतरावरची उडी घरच्यांना लवकर पटते.

जाण्याआधी एवढंच तपास की तिथे जाऊन तुला काय शिकायचं आहे. तू सांगू शकलीस, तर ते त्रेपन्न टक्के तुझ्या बाबतीतला शेवटचा शब्द नाहीत. नुसतं गाव सोडायचं असेल, तर मोठं विद्यापीठही काही महिन्यांत लहान वाटायला लागेल.

आज इथे थांबू या.