आनंदीबाईंचा पहिला हिवाळा

डिसेंबर उजाडला की बेंगळूरच्या सकाळी शाली, स्वेटर आणि कानटोप्या पेटीतून बाहेर पडतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या नगरीचा गारवा आपल्याला पुरेसा कडक वाटतो. तथापि हवामानाच्या नोंदींत येथील नीचांकी तापमान ७.८ अंश सेल्सिअस एवढेच आहे आणि ते १३ जानेवारी १८८४ रोजी नोंदले गेले. हा दिनांक वाचताच आमच्या डोळ्यांपुढे एक मराठी मुलगी उभी राहिली. त्याच महिन्यात, अवघ्या अठराव्या वर्षी, आनंदीबाई जोशी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात आपला पहिला परदेशी हिवाळा कंठीत होत्या.

एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून त्या पतीवाचून निघाल्या. कल्याण, कोल्हापूर, भूज, कलकत्ता ही त्यांच्या पायाखालची गावे. हिम यांपैकी कोठेच पडत नाही. फिलाडेल्फियात मात्र जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली उतरतो. झाडे निष्पर्ण होतात, डिसेंबरात दिवस साडेनऊ तासांचाही नसतो, आणि हिम पडले की रस्ते, छपरे, अंगणे एका रात्रीत पांढरी होतात. ताज्या हिमात असंख्य पोकळ्या असतात व त्या आवाज शोषून घेतात. म्हणून त्या पांढऱ्या सकाळी एवढे मोठे शहरही निःशब्द भासते. नवख्याला ते दृश्य मोहून टाकते. परंतु त्याच दृश्यात रोज वावरायचे, तर मोहाबरोबर तजवीजही हवी.

आनंदीबाईंपाशी ती तजवीज तुटपुंजी होती. पोशाख व आहार बदलायचा नाही, हा त्यांचा निश्चय. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत; म्हणून त्यांनी पाऊल झाकणारी गुजराती पद्धतीची साडी स्वीकारली. शाकाहार पाळला, पण मनाजोगे अन्न मिळणे कठीण. त्यातच खोलीतील शेगडी धड चालेना. पेटवावी तर धूर कोंडे, विझवावी तर हाडे गोठत. अशा स्थितीत अभ्यास करून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागाही त्यांच्यासाठी ठरली होती. परंतु क्षयाने त्यांना गाठले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्यापूर्वी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

येथे दोष थंडीच्या माथी मारणे योग्य नव्हे. क्षयाचे कारण जंतू आहे, हे रॉबर्ट कॉख यांनी मार्च १८८२ मध्येच बर्लिन येथे जाहीर केले होते. मात्र अपुरे पोषण व सततचे श्रम शरीराची प्रतिकारशक्ती खचवितात, आणि कोंदट खोलीत हा जंतू सहज फैलावतो. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. आज नियमित उपचाराने तो बरा होतो.

आज आपल्यापैकी अनेकांच्या घरातील मुले-मुली शिक्षणासाठी शीत देशांत जातात. त्यांना निरोप देताना काही गोष्टी ध्यानी असू द्याव्यात. एका जाड कोटापेक्षा एकावर एक घातलेले अनेक कपडे अधिक ऊब देतात, कारण त्यांच्या थरांत कोंडलेली हवा अंगची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पायमोजे ओले झाले की तत्काळ बदलावेत. तापविलेल्या खोलीत हवा कोरडी पडते, ओठ फुटतात. तहान लागली नाही तरी पाणी प्यावे. आठवडाभराहून अधिक खोकला टिकला, तर संकोच न करता डॉक्टरांकडे जावे.

मुलगी पहिल्या हिमाचे छायाचित्र धाडील, तेव्हा आपण अवश्य कौतुक करावे. पण त्यानंतर लगेच विचारावे, "बाळ, जेवलीस का? आणि खोली उबदार आहे ना?" आनंदीबाईंना हा प्रश्न घरून पत्राने विचारला असता, तरी तो पोहोचेपर्यंत कित्येक आठवडे लोटले असते. आपला प्रश्न क्षणात पोहोचतो. तो विचारण्यास आपण विसरू नये.