अशुद्धि आणि एका थराचें वितळणें

शुद्ध नॅफ्थलीन सुमारें ८० अंश सेंटिग्रेडवर वितळतें; परंतु त्यांत थोडासा परका पदार्थ मिसळला, कीं तें त्याहून कमी उष्णतामानावरच वितळूं लागतें. बर्फांत मीठ घातल्यानें त्याचा द्रवणबिंदु उतरतो, तोहि याच नियमाचा दाखला होय. आतां कणांचा केवळ एकच थर असला, तर अशुद्धीचा परिणाम कसा होईल?

कॅरमच्या सोंगट्या सपाटीवर दाटीनें मांडून पाहाव्या. मधल्या प्रत्येक सोंगटीस सहा शेजारी लाभतात. या मांडणींत दोन प्रकारची शिस्त दिसते. रांगा दूरवर सरळ जातात, ही पहिली. आणि शेजाऱ्यांच्या सहा दिशा सर्वत्र त्याच असतात, ही दुसरी. जाडी असलेला स्फटिक वितळतांना या दोन्ही शिस्ती बहुधा एकदमच मोडतात. एका थरांत मात्र त्या एकीमागून एक मोडूं शकतात. कॉस्टरलिट्झ व थाउलेस यांचें १९७३ चें विवेचन पुढें नेऊन हाल्पेरिन, नेल्सन व यंग यांनीं १९७८-७९ च्या सुमारास हें दाखविलें. प्रथम कांहीं रांगा मध्येंच खुंटतात. हे खुंटलेले शेवट थरांत मोकळेपणें हिंडूं लागले, कीं पहिली शिस्त जाते, दुसरी टिकते. या मधल्या अवस्थेस हेक्झॅटिक अवस्था म्हणतात. आणखी उष्णता मिळाल्यावर दिशांचाहि मेळ सुटतो आणि खरा द्रव होतो.

जर्मन शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं या थरांत अशुद्धि आणून पाहिली. त्यांचे कण म्हणजे सूक्ष्मदर्शकांतून दिसणारे चुंबकीय गोलक. चुंबकीय क्षेत्र वाढविलें, कीं ते एकमेकांस जोरानें दूर लोटतात व थर गोठतो. क्षेत्र कमी करणें हें थर तापविण्यासारखेंच होय. येथें परका पदार्थ मिसळला नव्हता. कांहीं गोलक तळाशीं खिळलेले होते, हीच अशुद्धि.

खिळलेला कण रांगेच्या सोयीनें हलत नाहीं, म्हणून रांगेसच त्याच्याजवळ वांकावें लागतें. अशी वांकलेली रांग सहज मोडते. म्हणून खिळलेले कण वाढले, तसा घन थर कमी उष्णतामानावरच हेक्झॅटिक झाला. पण हेक्झॅटिकचा द्रव होण्याचें उष्णतामान जवळजवळ जागचें हललें नाहीं. परिणामीं मधल्या अवस्थेचा पल्ला रुंदावला.

तेव्हां अशुद्धीमुळें पदार्थ लौकर वितळतो, हा पाठ येथें अर्धाच लागू पडतो. विद्यार्थ्यांनीं पुढचा प्रश्नहि विचारावा: वितळतांना कोणती शिस्त आधीं मोडली, आणि कोणती टिकून राहिली?