श्वानाच्या त्वचेवरील गाठी : काही नोंदी

चामखीळ : विषाणुजन्य. तरुण कुत्र्यांच्या ओठांवर व मुखात फुलकोबीसारखे पुंजके उद्भवतात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती जागृत होताच ते बहुधा १ ते ५ महिन्यांच्या मुदतीत आपोआप झडतात.

मेदगाठ : मऊ, त्वचेखाली सरकणारी, निरुपद्रवी, प्रौढ व स्थूल कुत्र्यांत विशेष.

मास्ट पेशींचे अर्बुद : कुत्र्यांच्या त्वचेच्या कर्करोगांत सर्वाधिक आढळणारे, आणि सर्वांत फसवे, कारण ते कधी मेदगाठीचे, कधी कीटकदंशाचे रूप धारण करते, व त्यातील हिस्टामिन स्रवताच दिवसागणिक फुगते आणि ओसरते. अशी गाठ दाबू वा चोळू नये. बॉक्सर व पग या जातींत प्रमाण अधिक.

संक्रामक लैंगिक अर्बुद : भारतातील भटक्या कुत्र्यांत परिचित. येथे विषाणू नव्हे, तर अर्बुदाच्या जिवंत पेशीच समागमातून, क्वचित चाटण्या-हुंगण्यातून, एका श्वानातून दुसऱ्यात रुजतात. रशियन पशुवैद्य नोविन्स्की यांनी १८७६ साली त्याचे यशस्वी प्रत्यारोपण केले होते. विनक्रिस्टीन हे औषध साप्ताहिक मात्रांनी दिल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात.

गोचीड : रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड पुष्कळदा गाठच समजली जाते, बुडाशी पाय दिसतात का, हे प्रथम पाहावे.

निदान : केवळ स्पर्शाने निश्चित होत नाही. बारीक सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. आवश्यक तेथे ऊतीचा तुकडा घेतात. गाठीची जागा व आकार यांचे तारीखवार टिपण पशुवैद्यकास फार उपयोगी पडते. १ सेंटिमीटरएवढी गाठ महिनाभर टिकल्यास, झपाट्याने वाढल्यास अथवा तिच्यातून रक्त येऊ लागल्यास तपासणी तत्काळ करवावी.