शकुंतला गाडी आणि विस्थापन

यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ही छोटी आगगाडी आपल्या आजी-आजोबांना चांगली ठाऊक आहे. आता ती बंद आहे. पण अंतर आणि विस्थापन यांतला फरक समजायला तिचा मार्ग फार सोयीचा आहे.

हा मार्ग 113 किलोमीटरचा. गाडी यवतमाळहून निघाली की आधी पश्चिमेला दारव्ह्याकडे जायची, मग वळण घेऊन कारंजामार्गे मूर्तिजापूरला पोचायची. रुळावरून जेवढी वाट कापली तेवढे झाले अंतर. आता नकाशावर यवतमाळपासून मूर्तिजापूरपर्यंत पट्टीने सरळ रेघ ओढा. प्रमाण धरून मोजली तर ती 90 किलोमीटरही भरत नाही. हे झाले विस्थापन. त्याचा नुसता आकडा सांगून भागत नाही, दिशाही सांगावी लागते. इथे ती साधारण वायव्य. अंतराला दिशा लागत नाही. म्हणून अंतर अदिश राशी, विस्थापन सदिश राशी.

खरी गंमत परतीची. तीच गाडी परत यवतमाळला आली की अंतर झाले 226 किलोमीटर आणि विस्थापन शून्य! एखादे काका म्हणतील, "दिवसभर धक्के खाल्ले अन् शून्य? असं कसं बाप्पा?" पण काका, निघालात तिथेच आलात ना! एस.टी.चे भाडे मात्र रस्त्याच्या अंतरावर, 6 किलोमीटरच्या टप्प्याने लागते. विस्थापन शून्य झाले म्हणून कंडक्टर पैसे परत देत नाही.

विस्थापन म्हटले की मोठ्या माणसांना धरणात गेलेली गावे आठवतात. शब्द तोच, पण विज्ञानात त्याचा अर्थ जागेतला बदल एवढाच.

आता आपल्या कामाची गोष्ट. समजा, वस्तीपासून शाळा सरळ रेघेत 800 मीटर आहे, पण मध्ये नाला आहे. उन्हाळ्यात पोरे नाल्यातून येतात, 900 मीटर चालतात. पावसाळ्यात नाला भरला की पुलावरून वळसा पडतो, 3 किलोमीटर! विस्थापन तेच, 800 मीटर. नकाशा पाहणारा म्हणेल, शाळा तर जवळच आहे. पण शिक्षणहक्क कायद्याखालच्या केंद्र सरकारच्या 2010 च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर अंतर सांगितले आहे, आणि ते चालत जाण्याचे अंतर आहे. तेव्हा ग्रामसभेत हा विषय निघाला तर पालकांनी पायवाटेचे अंतर सांगावे, तेही पावसाळ्यातले.