डोईमागे पौंड

मुलगा इंग्लंडमध्ये डॉक्टर आहे म्हटलं, की ऐकणारा मनातल्या मनात पौंडाला रुपयांनी गुणायला लागतो. पण मुळात तो आकडा येतो कुठून? ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, तपासणीची फी रुग्ण देतच नाही. आणि तरीही तिथला फॅमिली डॉक्टर, म्हणजे जीपी, बहुतेक वेळा सरकारचा पगारी नोकरही नसतो.

5 जुलै 1948 ला ही सेवा सुरू झाली, तेव्हा आरोग्यमंत्री होते अन्यूरिन बेव्हन. सरकारी नोकर व्हायला जीपी मंडळींचा कडवा विरोध होता. शेवटी ठरलं ते असं: जीपी स्वतंत्र कंत्राटदार राहील आणि त्याच्या यादीत जितकी नावं, तितके डोईमागे पैसे त्याला मिळतील. यादीतला माणूस वर्षात वीसदा येवो की एकदाही न येवो. आज इंग्लंडमध्ये हा मूळ दर वर्षाला माणशी साधारण 120 पौंड आहे. वय, आजारपण, गाव किती आडबाजूला आहे, यावरून तो कमीजास्त होतो. त्यातूनच नर्सचा आणि रिसेप्शनवरच्या बाईंचा पगार द्यायचा, विजेचं बिल भरायचं. उरेल ते भागीदार डॉक्टरांचं. म्हणजे हा पगार नव्हे, धंद्यातला नफा. फक्त गिऱ्हाईक एकच, सरकार.

त्या व्यवस्थेतलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं. त्याआधी इंग्लंडात दवाखाना चालवायचा तर तो विकत घ्यावा लागे, रुग्णांच्या राबत्यासकट. आपल्या भाषेत पागडीच. कित्येक तरुण डॉक्टर त्यासाठी कर्ज काढून वर्षानुवर्षं फेडत बसत. 1948 मध्ये ही खरेदी-विक्री बंद झाली आणि जुन्या डॉक्टरांच्या भरपाईसाठी 6 कोटी 60 लाख पौंड बाजूला काढले गेले. परिणाम असा, की खिशात भांडवल नसलेल्या परक्यालाही दार किलकिलं झालं.

दार उघडलं, पण कुठलं? नवा डॉक्टर कुठे बसणार हे एक समिती ठरवी. जिथे डॉक्टर पुरेसे, ते भाग नव्यांना जवळजवळ बंद. जिथे एकेका डॉक्टरमागे सरासरी अडीच हजारांहून जास्त माणसं, ते भाग खुले, आणि साठच्या दशकापासून तिथे जाणाऱ्याला वर भत्ताही मिळू लागला. दक्षिण वेल्समधली कोळसा खाणींची खोरी, लँकेशायरची गिरणगावं, पूर्व लंडन. मुंबईच्या ग्रँट किंवा जी. एस. मधून, पुण्याच्या बी. जे. मधून एम.बी.बी.एस. होऊन निघालेल्यांच्या मनात बहुधा यातलं काहीच नसायचं. एफआरसीएस किंवा एमआरसीपी यांसारखी तिथली वरची पात्रता मिळवायची, परत यायचं, पाटीवर ती अक्षरं लावायची, असा बेत. पण रुग्णालयात वरची जागा मिळेना, म्हणून अनेकजण जीपी झाले.

ग्लिनकोरूग या वेल्सच्या खाणगावातला जीपी ज्युलियन ट्यूडर हार्ट याने 1971 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, की चांगली वैद्यकीय सेवा जिथे सगळ्यात जास्त लागते, तिथेच ती सगळ्यात कमी मिळते. डोईमागच्या दराचा दोष इथे नेमका दिसतो. छातीत कोळशाची धूळ बसलेल्या खाणकामगाराला सुखवस्तू उपनगरातल्या कारकुनापेक्षा कितीतरी जास्त वेळ द्यावा लागे, पैसे मात्र तेव्हा दोघांमागे जवळपास सारखे. ही तूट भरून काढणाऱ्यांत भारतीय उपखंडातून आलेले डॉक्टर मोठ्या संख्येने होते. तूट भरली ती त्यांच्या वेळाने.

रुग्णालयांतली गोष्ट वेगळी, पण सूत्र तेच. कन्सल्टंटचा, म्हणजे तिथल्या वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरचा, मूळ पगार सगळ्यांना एकाच श्रेणीत. खरी तफावत पगाराबाहेर. बेव्हन यांनी कन्सल्टंटना खासगी प्रॅक्टिस चालू ठेवू दिली, तीही सरकारी रुग्णालयाच्या आवारात. शिवाय गुणवत्तेचे 'डिस्टिंक्शन अवॉर्ड' होते. ते चर्चिलचे डॉक्टर लॉर्ड मोरन यांची समिती वाटायची. सर्वांत वरचं अवॉर्ड मिळालं तर मिळकत जवळपास दुप्पट, आणि ते कुणाला मिळालं हे बराच काळ गुपित! शल्यविशारद आणि हृदयरोगतज्ज्ञ दोन्हीकडे पुढे, वृद्धचिकित्सा आणि मनोविकार दोन्हीकडे मागे. म्हणून स्थानिक तरुण या शाखांकडे वळेनात, आणि रिकाम्या जागांवर भारतीय आले. ब्रिटनमध्ये वृद्धचिकित्सेची शाखा उभी राहिली त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

2004 च्या कंत्राटाने जीपींना गुणांचा खेळ दिला: रक्तदाब आटोक्यात ठेवला, मधुमेह तपासला, की गुण, एकूण 1050, प्रत्येक गुणाला पैसे. डॉक्टर तीन चतुर्थांश गुण मिळवतील असा सरकारचा हिशोब होता. त्यांनी पहिल्याच वर्षी नव्वद टक्क्यांच्या वर मिळवले. परीक्षा देऊनच डॉक्टर झालेल्या माणसांसमोर गुण ठेवल्यावर दुसरं काय होणार!

किरकोळ मिळकतीही होत्या. दहनाआधीच्या फॉर्मवर सही करायचे 82 पौंड मिळत. तरुण डॉक्टर त्याला 'ॲश कॅश' म्हणत. सप्टेंबर 2024 मध्ये इंग्लंड-वेल्समधून तो फॉर्म गेला आणि ते पैसेही गेले.

आता प्लॅब, म्हणजे परदेशी डॉक्टरांसाठीची परीक्षा, देऊन जाणाऱ्या मुलामुलींकडे पाहू. अशी परीक्षा 1975 मध्ये आली, भारतीय पदवीची थेट मान्यता गेली तेव्हा. इंग्लंडमध्ये कन्सल्टंटचा पगार 2025 मध्ये एक लाख नऊ हजार पौंडांच्या पुढे सुरू होतो. त्यातही एक लाखाच्या वर गेलं, की करमुक्त रक्कम कापली जाऊ लागते आणि त्या पट्ट्यातल्या प्रत्येक पौंडातले 60 पेन्स आयकरात जातात. पण तिथवर पोचायला प्रशिक्षणाची जागा लागते, आणि ती न मिळालेले बरेचजण बढतीचा रस्ता नसलेल्या नेमणुकीत राहतात. स्थानिक डॉक्टर अशा वेळी 'लोकम' म्हणून बदली काम करून तासाला चढा दर घेतो. नवख्याचा व्हिसा मात्र एका मालकाशी बांधलेला. बाहेर काम करायचं तर आठवड्याला 20 तासांपर्यंत, तेही अटींसह. त्यामुळे त्याची जादा कमाई म्हणजे बहुतेक वेळा त्याच रुग्णालयातली, दुसऱ्या कुणी नको म्हटलेली शनिवारची रात्रपाळी.