बैल उतरवण्याची रीत

अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे गाव जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथील खरेदीविक्री आपण ऐकून असतो. बैल मालमोटारीतून खाली कसा उतरतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. कामगार चळवळीतील आम्हांस तो करावा लागतो. कारण बैलाचा पाय घसरला की कासरा धरलेला माणूसही त्याच्याबरोबर पडतो.

बैल अडतो तो हट्टाने नव्हे. डोळे बाजूंना असल्याने त्यास आजूबाजूचे पुष्कळ दिसते. समोरच्या खाचेची खोली मात्र चटकन उमगत नाही. म्हणून गाडी धक्क्याला भिडवून लावावी; धक्का नसेल तर मातीचा उतार करावा. इंजिन बंद करून चाकांखाली दगड द्यावेत. फाळका उघडल्यावर उतारावर पोती पसरावीत. मागचे जनावर आधी सोडावे. कासरा हाताला गुंडाळू नये, बैलाच्या पाठीमागे उभे राहू नये, शेपटी पिळू नये. थोडे थांबले तर बैल बहुधा आपण होऊन पाऊल टाकतो.

१९७८ च्या जनावर-वाहतूक नियमांनुसार एका मालमोटारीत ६ पेक्षा अधिक गुरे भरता येत नाहीत. सोबत एक राखणदार आणि तळाला न घसरणारे अंथरूण हवे. नियम चांगले आहेत. परंतु मजुरी खेपेवर ठरली की घाई होते, आणि घाईतच हातपाय मोडतात. उतरवण्यास लागणाऱ्या वेळेचे दाम मिळाले तर माणूस थांबेल. माणूस थांबला तर बैल धडपणी उतरेल.